हेडबाईंची उरलेली नळी

१

हेडबाईंच्या रक्ताची नळी औषधांच्या फ्रिजमध्ये मागच्या कोपऱ्यात उभी होती, आणि ती तिथे असायला नको होती.

मी दूध काढायला गेलो होतो. औषधांच्या फ्रिजमध्ये दूध ठेवायचं नाही, असं ताईने मला शंभरदा बजावलंय आणि मी ते न चुकता विसरतो. दुधाच्या पिशवीमागे नळी दिसली. तळाला गडद लाल, मध्ये कांद्याच्या पापुद्र्याएवढा पांढुरका थर, वर पिवळसर प्लाझ्मा. झाकण घट्ट. वरच्या पिवळ्याला कुणी हात लावलेला नव्हता. आणि नळीवर मीच छापलेला स्टिकर, हेडबाईंच्या नावाचा.

ताई त्वचेची डॉक्टर आहे आणि मी तिचा धाकटा भाऊ. मी काय करतो, या प्रश्नाला आमच्या घरात ‘ताईला मदत’ असं उत्तर ठरलेलं आहे. म्हणजे मी तिच्या क्लिनिकमध्ये काउंटरवर बसतो, स्टिकर छापतो, फोन घेतो आणि सुई दिसली की मान फिरवतो. तरी इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही कळतं की माणसाचं स्वतःचं थोडं रक्त काढतात आणि यंत्रात गरागरा फिरवतात. तांबड्या पेशी जड, त्या खाली बसतात. वर प्लाझ्मा राहतो आणि त्यात प्लेटलेट्स. कुठे जखम झाली की या प्लेटलेट्स आधी धावतात आणि ‘चला, कामाला लागा’ असा निरोप देतात. म्हणून चेहऱ्यावर अगदी बारीक सुयांनी न दिसणाऱ्या जखमा करायच्या आणि तिथे हा प्लाझ्मा जिरवायचा. वयाने सुस्तावलेल्या पेशी जाग्या होतात आणि नवं कोलॅजेन विणायला घेतात. ताई पेशंटना सांगते, “भिंत तुमची, गवंडी तुमचा. आम्ही फक्त त्याला हाक मारतो. तो किती ऐकेल याची हमी नाही.”

हमी फक्त एका गोष्टीची असते. रक्त ज्याचं, त्यालाच.

मी नळी ताईपुढे धरली. तिने आधी स्टिकर वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत स्टिकर वाचला.

“काल प्लाझ्माची पेशंट एकच होती,” ती म्हणाली. “हेडबाई. नळी एकच. ती मी वापरली आणि कचऱ्यात टाकली.”

“कचऱ्याची गाडी पहाटेच येऊन गेली.”

“मग ही कुठली?” ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “आणि ही हेडबाईंची असेल तर मी काल त्यांच्या चेहऱ्यात कुणाचं रक्त घातलं?”

२

मावशीला फोन लावला. मावशीने सगळं आयुष्य रक्तपेढी चालवण्यात घालवलं. निवृत्त झाल्यावरही ती समोरच्या माणसाच्या तोंडाआधी त्याच्या दंडाची शीर बघते. घरात आम्ही तिला भिंगमावशी म्हणतो, तिच्या माघारी.

ती आली, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “घाबरायचं ते नंतर. आधी कशाला घाबरायचं ते ठरवू.”

“दुसऱ्याचं रक्त गेलं असेल तर कावीळ, एचआयव्ही, काहीही असू शकतं,” ताई म्हणाली. “रोखणारी औषधं आहेत, पण ती जितकी लवकर तितकी बरी. कुणाचं रक्त ते कळलं तर त्या माणसाला तपासता येईल. नाही कळलं तर मी त्या बाईंना काय सांगू? आणि हे बाहेर गेलं तर या दाराची पाटी उद्या उतरेल.”

“पाटीचं उद्या बघू. बाईंना बोलावलंस?”

“येतायत. सुनेला घेऊन.”

मावशीने हातमोजे चढवून नळी उजेडात धरली. मग तिने रक्त फिरवायचं यंत्र उघडून आत पाहिलं, आणि मग खिडकीच्या कट्ट्याकडे. तिथे स्टँडमध्ये पाण्याने भरलेली एक नळी उभी होती.

“ही काय?”

“जोडीची,” ताई म्हणाली. “यंत्रात एकच नळी ठेवली तर तोल जातो, सगळं टेबल थरथरतं. म्हणून समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी लावतो. ती कायम यंत्रातच असते.”

“मग आज ती कट्ट्यावर का?”

मी आपला नखं खात उभा होतो. मावशी माझ्याकडे वळली. “काय रे, एका पेशंटचे स्टिकर किती छापतोस?”

“दोन. एक नळीला, एक सिरिंजला.”

“काल सिरिंजला होता?”

ताई डोळे मिटून आठवू लागली. “मी भरली आणि लगेच वापरली. नव्हता बहुतेक. नव्हताच.”

“हं,” एवढंच म्हणून मावशीने हातमोजे काढले.

३

पेशंट आणि त्यांच्याबरोबरचे सोडले तर क्लिनिकमध्ये काल बाहेरचा माणूस एकच आला होता, कुपीवाला. तो एक्झोसोमच्या कुप्या विकतो. पेशी एकमेकींना निरोप पाठवायला अतिसूक्ष्म पिशव्या सोडतात, त्या म्हणे या कुपीत भरलेल्या असतात. ताई त्याला दरवेळी सांगते, पुरावा कच्चा आहे, परवानगी दाखव. तो दरवेळी हसतो आणि एक कुपी विसरल्यासारखी ठेवून जातो. कालही त्याने एक ठेवली होती, आणि आज ती जागेवर नव्हती.

ताईच्या हाताखालच्या सिस्टरनेच ते लक्षात आणून दिलं. “तो आत गेला होता,” ती घाईघाईने म्हणाली. “मी बर्फ आणायला गेले तेव्हा. त्यानेच काहीतरी केलं असेल. त्याला दाखवायचं होतं ना, आपली कुपी कशी भारी ते!”

मला हे फार पटलं. माणूस घाबरला की त्याला चोर लगेच पटतो.

कुपीवाला बोलावल्याबरोबर आला. बिचाऱ्याला वाटलं ऑर्डर मिळणार. आत आला तरी टोपी डोक्यावर.

“कुपी कुठाय?” मावशीने विचारलं.

त्याने ताईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही वापरणार नव्हताच. म्हणून जाताना मी परत घेतली.”

“आणि?”

“आणि… वापरली.”

“कुणावर?”

त्याने टोपी काढली. मध्ये टक्कल आणि त्यावर लालभडक पुरळ. ताईतली डॉक्टर चिंता विसरून उठली आणि त्याचं डोकं उजेडात वाकवून बघू लागली. “अरे, हे काय करून घेतलंस?”

“हात दाखवून अवलक्षण,” तो कसनुसा हसला.

मावशीने त्याला मलम देऊन वाटेला लावायला सांगितलं. “हा नव्हताच,” ती म्हणाली. “काल तुझ्या हातात आली त्या नळीत खाली लाल होतं की नाही?”

“होतं. रोजच्यासारखं.”

“कुपीत लाल कुठून येणार? काल जे टोचलं ते कुणाच्या तरी अंगातून काढलेलं ताजं रक्तच होतं, आणि ते याच यंत्रात फिरलं.” तिने सिस्टरकडे पाहिलं. “पाण्याची नळी काल बाहेर राहिली, कारण तिची गरजच पडली नाही. एका नळीच्या समोर दुसरी रक्ताचीच नळी होती. दोन स्टिकर, दोन नळ्या. अगं, दुसरा दंड कुणाचा?”

सिस्टर मटकन खाली बसली. तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं आणि हेडबाईंचा आवाज आला, “कोण आहे रे काउंटरवर? सरळ बस.”

४

मी काउंटरवर नव्हतो, तरी सरळ झालो.

हेडबाई कित्येक वर्षं मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पुढच्या आठवड्यात जुन्या विद्यार्थिनींचा मेळावा, आणि शाळेच्या दालनात बाईंचा जो फोटो लावलाय त्यात बाई चाळिशीच्या आहेत. ‘फोटोशेजारी उभी राहून मी फोटोची आई दिसायला नको,’ ही त्यांची तक्रार. काल टोचलेला चेहरा किंचित लाल, किंचित सुजलेला, आणि त्यावर जिंकल्याचा भाव.

त्यांच्या मागे त्यांची सून, स्वतःची पाण्याची बाटली छातीशी धरून.

“ही बाटली कुणाला देत नाही हो,” हेडबाई सगळ्यांना सांगत होत्या. “घरात हिचा पेला वेगळा, हिची बाटली वेगळी. माझ्याहून कडक शिस्त.”

सून हसली. ते हसू तिच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

ताईने सगळं सरळ सांगून टाकलं, लपवाछपवी न करता. नळी सापडली, काल दुसऱ्या कुणाचं रक्त गेलं असावं, धोका असू शकतो. मला वाटलं, हेडबाई आता क्लिनिक डोक्यावर घेतील.

हेडबाई म्हणाल्या, “असू दे. पण उजळलाय ना? शेजारीण सकाळीच म्हणाली.”

मावशीने भुवई उंचावली. “तुम्हाला भीती नाही वाटली?”

“मला कसली भीती? तपासायचं तर तपासा. माझा ओ निगेटिव्ह आहे, शंभरांत मोजक्यांचा. शाळेतल्या प्रत्येक रक्तदान शिबिरात पहिला नंबर माझा.”

सून हळूच म्हणाली, “ती फ्रिजमधली नळी… तिला कुणी उघड्या हाताने हात नाही ना लावला?”

“यानेच लावला,” ताईने माझ्याकडे बोट दाखवलं.

“झाकण निघालं नव्हतं ना? हाताला कुठे कापलं वगैरे नाही ना?” ती अर्धी उठलीच होती.

मी हात बघितले. नखं खाऊन खाऊन बोटांच्या कडा सोललेल्या.

“झाकण घट्ट होतं,” मावशी शांतपणे म्हणाली, पण नजर सुनेवरून हलली नाही. “काळजीचं कारण नाही, अगदी निश्चिंत राहा. तू खालच्या लॅबमध्ये जा रे, रक्तगटाचं सामान मागून आण. माझं नाव सांग.”

५

सामान घेऊन वर आलो तर सिस्टर रडून मोकळी झाली होती.

ती हेडबाईंची विद्यार्थिनी. “बाईंनी नुसतं बघितलं तरी माझे दोन्ही हात पुढे होतात, छडी खायला,” ती ताईला सांगत होती. हेडबाईंनी कुठेतरी वाचलं होतं की म्हाताऱ्या उंदराला तरुण उंदराशी शिवून जोडलं तर म्हातारा तरतरीत होतो. झालं. माझ्या म्हाताऱ्या रक्तात काय दम, सुनेचं घ्या. डॉक्टरीण ऐकणार नाही, म्हणून तिला सांगायचं नाही. सिस्टरने दोघींचं रक्त काढलं. ताईने वाचलं तर शंका नको म्हणून दोन्ही नळ्यांवर हेडबाईंचाच स्टिकर लावला. सुनेची नळी ओळखायला तिला लाल रबर अडकवलं.

“रबरवाली डॉक्टरांना दिली, रबर काढून. दुसरी टाकणार होते, तर बाई म्हणाल्या, माझं रक्त फुकट घालवू नकोस, पुढच्या वेळी हातांना लाव. म्हणून फ्रिजमध्ये ठेवली. नंतर टाकू म्हटलं आणि विसरले.”

“उंदीर शिवले तेव्हा त्यांचे सगळे अवयव एकमेकांसाठी राबत होते,” मावशी हेडबाईंना म्हणाली. “तिथे नक्की कशाने गुण आला यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. तुम्ही त्यातलं एक वाक्य उचललंत आणि सुनेचा दंड पुढे केलात.”

“वाचन कमी नाही माझं,” हेडबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

“आणि तू,” मावशी सिस्टरकडे वळली, “ही चूक नाही, गुन्हा आहे. माझ्या पेढीत असतीस तर त्याच दिवशी घरी गेली असतीस.”

“आजपासून सुईला हात लावायचा नाहीस,” ताई म्हणाली. “पुढचं मी ठरवेन.”

म्हणजे हेडबाईंच्या चेहऱ्यात सुनेचं रक्त. रहस्य संपलं, असं मला वाटलं. हायसं वाटून मी खुर्ची ओढली.

मावशी बसली नाही. तिने फ्रिजमधल्या नळीच्या तळातलं लाल काचपट्टीवर घेतलं, दोन थेंब वेगवेगळे, आणि एकात ए गट ओळखायचं औषध, दुसऱ्यात बी गट ओळखायचं मिसळून पट्टी हलवली. आम्ही सगळे वाकलो. एक थेंब गुळगुळीत राहिला. दुसऱ्यात मात्र विटेच्या चुऱ्यासारखे कण जमले.

“ओ गटाचं रक्त या दोन्हींपैकी कुठल्याच औषधात जमत नाही,” मावशी म्हणाली. “हे जमलंय. हा बी गट आहे. ही उरलेली नळी हेडबाईंची नाहीच.”

६

मावशीने सुनेला म्हटलं, “जरा माझ्याबरोबर बाहेर ये.” हेडबाईंना तिने ताईजवळ बसवलं आणि सिस्टरला बर्फ आणायला पाठवलं. मी काउंटरवर जाऊन बसलो. ती जागा माझीच आहे, त्यामुळे मला ऐकू आलं यात माझा काही दोष नाही.

“तुझा गट बी ना?”

सुनेने मान हलवली.

“सिस्टर बर्फ आणायला गेली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर बधिर करायचं मलम होतं, डोळे मिटलेले. कुपीवाला कुपी उचलून गेल्यावर नळ्यांपाशी तू एकटीच होतीस. रबर तू बदललंस. म्हणजे काल सासूबाईंना त्यांचंच रक्त मिळालं. बरोबर?”

“हो.”

“सगळे विचारत होते, चेहऱ्यात काय गेलं. तू एकटी विचारत होतीस, उरलेल्या नळीला कुणाचा हात लागला का. कारण त्यात काय आहे, ते तुला माहीत होतं. मी ती नळी पुढे तपासणार नाही. तुला विचारल्याशिवाय कधीच नाही. सांगायचं नसेल तर नको सांगूस.”

बाटलीचं झाकण उघडल्या-बंद केल्याचा आवाज आला.

“हेपटायटिस बी,” ती म्हणाली. “लग्नाआधी ऑफिसात रक्तदान केलं तेव्हा कळलं. मला काही त्रास नाही, डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. यांना माहिती आहे, त्यांनी लस घेतलीय. आईंना नाही सांगितलं. स्वयंपाक मी करते मावशी. त्यांना कळलं तर…”

“स्वयंपाकातून पसरत नाही. पेल्यातून नाही, बाटलीतून नाही.”

“मला माहितीये. तरी भीती वाटते. म्हणून वेगळं ठेवते.” तिने बाटलीचं झाकण आवळलं. “काल नाही म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं. कारण मिळेपर्यंत त्या सोडत नाहीत. म्हणून दंड पुढे केला आणि रबर बदललं. ती नळी लगेच कचऱ्यात जाईल असं वाटलं होतं. ती फ्रिजमध्ये गेली, हे मला आज इथे कळलं.”

मी काउंटरवरचे स्टिकर उगाच सरळ करत राहिलो.

७

आत आल्यावर मावशीने हेडबाईंना एवढंच सांगितलं की रबराची अदलाबदल झाली आणि चेहऱ्यात गेलं ते तुमचंच. औषध नको, धोका नाही. ताई भिंतीला टेकली.

हेडबाईंनी भिंतीवरच्या आरशात पाहिलं. गाल चाचपला. “माझंच?”

“काखेत कळसा,” मावशी म्हणाली.

हेडबाई हसल्या नाहीत. वर्षानुवर्षं कॉपी पकडलेले डोळे हळूहळू सुनेकडे वळले.

“रबर आपोआप सरकत नाही. बाकाखालून चिठ्ठ्या कशा सरकतात ते मी उभा जन्म पाहिलंय. तू बदललंस.”

सुनेने बाटली छातीशी घट्ट धरली.

“एक नळीभर रक्त द्यायला एवढं जड झालं तुला? तसं तोंडावर म्हणायचं होतंस. मी काय ओढून घेणार होते?” आवाज कडक होता, पण शेवटाला तो फाटला. त्यांना लागलं होतं, चांगलंच लागलं होतं.

मी तोंड उघडलं. मावशीने माझ्या पायावर पाय दिला, टाचेसकट.

सुनेने कबुली देऊन मान खाली घातली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. कंजूष सून ठरली असती, बस. ती तेच करणार असं मला वाटलं. पण तिने मान वर केली.

“जड नाही झालं, आई. माझ्या रक्तात काविळीचा विषाणू आहे. लग्नाआधीपासून. ते तुमच्या चेहऱ्यात जायला नको होतं.”

ताईने बोलायला सुरुवात केली, “बाई, याने घरात काही…” मावशीने तिलाही हाताने थांबवलं.

हेडबाई सुनेकडे बघत होत्या. पेला वेगळा, बाटली वेगळी, सगळं त्यांच्या डोक्यात एकेक करून जागेवर बसताना दिसत होतं. मग त्यांनी हात पुढे केला.

“ती बाटली दे इकडे.”

“आई, नको…”

“दे म्हटलं ना.”

सुनेने बाटली दिली. हेडबाईंनी झाकण काढलं आणि त्या तोंड लावून घटाघटा पाणी प्यायल्या. थोडं हनुवटीवरून ओघळलं. ते त्यांनी पदराने पुसलं आणि बाटली परत सुनेच्या हातात ठेवली.

“आजपासून वेगळा पेला दिसला तर बघ,” त्या म्हणाल्या. “आणि ती लस कुठे मिळते ते या डॉक्टरीणबाईंना विचारून घे. मी सुईला भीत नाही.”

सून तिथेच रडायला लागली. हेडबाईंनी तिला जवळ घेतलं, सवय नसलेल्या माणसासारखं, जरा अवघडून.

दारापर्यंत गेल्यावर त्या थांबल्या आणि आम्हा सगळ्यांवर वर्गावर फिरवावी तशी नजर फिरवली.

“मेळाव्यात कुणी विचारलं तर मी सांगणार आहे, हा चेहरा माझ्या सुनेच्या रक्तामुळे आहे.”

“अहो बाई, असं सांगू नका!” ताई ओरडली. “माझं क्लिनिक बंद पडेल!”

“मी खोटं बोलत नाही,” हेडबाई म्हणाल्या आणि सुनेचा हात धरून जिना उतरू लागल्या. “तिने तिचं रक्त माझ्यात जाऊ दिलं नाही, म्हणून तर हा चेहरा शाबूत आहे.”